तीन खाचांची नळी

“हॅलो?… हॅलो! हां, मीच बोलतोय. मार्नी ना? अगं, उजाडल्यापासून फोन छातीवर घेऊन पडलोय मी… हो, हो, नाश्ता झाला. म्हणजे आला आणि परत गेला. ते सोड. सकाळी काय दिसलं ते सांग… किती?… दोन्ही? त्या काळतोंडी मेंढीची जुळी कोकरं?”

ओरिन बाकनने डोळे मिटून घेतले. रॅपिड सिटीच्या दवाखान्यात खुब्याच्या हाडात खिळे ठोकून घेऊन तो उताणा पडला होता. मेंढ्या विण्याच्या ऐन हंगामात एका तापट मेंढीने त्याला फाटकावर आपटलं, आणि उभ्या आयुष्यात कधी न मोडलेला माणूस एका धक्क्यात मोडला. रँच तिकडे उत्तरेला, दोन-अडीच तासांच्या वाटेवर. मुलगा कर्ट नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरीवर. त्याची कामाची पाळी संपेपर्यंत त्याला येता येणार नव्हतं. घरी राहिली ती सून, मार्नी. आणि तिच्या भोवती मेंढ्या, कोकरं आणि त्यांच्यावर टपलेले कोयोट, ते लांडग्याच्या जातीचे रानकुत्रे.

“एक तिथेच पडलंय आणि एक उचलून नेलं… अच्छा. माग कुठे जातो?… पश्चिमेच्या घळीकडे. वाटलंच मला… वेंडेलला फोन केलास? सरकारी शिकारी आहे तो, त्याचं कामच आहे ते… काय म्हणाला?… वारा आहे म्हणून कोयोट टिपायला विमान उडवत नाही? अगं, हार्डिंग काउंटीत वारा कधी नसतो? मग त्याने विमान विकून गाई घ्याव्यात… नाही, नाही, तुझ्यावर कुठे चिडतोय. वेंडेलवर चिडतोय.”

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या क्लिफर्डने टीव्हीचा आवाज वाढवला.

“काय म्हणालीस? मोठ्याने बोल… तू?… तू स्वतः जाणार?”

ओरिन उशीवरून उठायला गेला, आणि खुब्यातून अशी कळ गेली की शब्दच तुटला.

“…नाही, काही नाही. ठीक आहे मी. अगं पण मार्नी… ऐक ना… अगं ऐक तर! बंदूक म्हणजे… हो, माहीत आहे मला, दुसरं कोणी नाहीये. माहीत आहे गं.”

बेल फूर्श गावात केस कापायचं दुकान चालवणारी ही मुलगी लग्न करून रँचवर आली, तेव्हापासून ओरिनने तिला मेंढ्यांची औषधं दिली, ट्रॅक्टर दिला, घरच्या किल्ल्या दिल्या, पण बंदुकांच्या कपाटाकडे फिरकू दिलं नव्हतं. तिनेही कधी मागितलं नव्हतं. दवाखान्यात आल्यावर मात्र त्याला रोज फोनवर तिला थोडंथोडं शिकवावं लागत होतं. कोयोटला शिट्टीने हाक कशी मारायची, बंदुकीच्या तोंडाला लावायच्या नळ्या कुठे ठेवल्यात, काडतुसं कुठे. आपण हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं सांगतोय, ती थोडीच जाणार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

“बरं. कुठली घेतलीयस? रायफल नको हं! त्या घळीत प्लमची जाळी अंगाला घासते, कोयोट दिसतो तोच पायाशी. शिवाय पलीकडे हॉगनचं घर आहे… हां, छऱ्यांचीच. पंपवाली. शाबास… क्लिफर्ड! अरे बाबा, तो टीव्ही जरा हळू कर! घरचा फोन आहे!… नाही गं, तुला नाही. इथे एक बहिरा आहे.”

“आता चोक कुठला बसवलायस?… अगं चोक म्हणजे ती छोटी नळी, बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवतो ती. रविवारी सांगितलं नव्हतं का? तोंड जितकं आवळलेलं तितके छर्रे एकत्र जातात, लांब पोचतात. सैल असलं की फाकतात… हां, तेच. मग? मी सांगितली तीच ना? ती लांब, बाहेर डोकावणारी? टर्कीच्या शिकारीची? सगळ्यात आवळलेली तीच आहे… पण काय? पण काय?”

मार्नी बराच वेळ बोलत राहिली. ओरिनच्या भुवया आधी वर गेल्या, मग खाली आल्या.

“पुठ्ठ्यावर?… कुठला पुठ्ठा?… फ्रीजचं खोकं कापून कोयोट काढलास त्यावर? शेपटीसकट?… हं. आणि कुठून मारलंस?… गोठ्यापासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे चाळीसेक पावलं. ठीक आहे. मग?… मधे सगळं कोरं? केवढं?… जेवणाच्या ताटाएवढं! आणि त्यात एकही छर्रा नाही?”

“मग तू हलली असशील… हलली नाहीस? गाडीच्या बॉनेटवर पोत्याचा टेकू घेऊन?… तीनदा?… तीनदाही तसंच?”

 जाड छर्रे फार आवळलेल्या तोंडातून एकमेकांवर चेपले जातात, वेडेवाकडे होतात आणि बाहेर पडताच चारी दिशांना पांगतात, हे ओरिनने कुणाकुणाकडून ऐकलं होतं. मानलं नव्हतं. त्याच्या बापाच्या बंदुकीला एकच तोंड होतं, आवळलेलं, आणि त्याने कोयोट पडायचे. कधीकधी पडायचे नाहीत, तेव्हा बाप म्हणायचा की नेम चुकला. ओरिनही आजवर तेच म्हणत आला होता.

“आणि दुसरी नळी कुठली लावलीस?… दोन खाचांची. कडेवर दोन खाचा. हां, ती मध्यम आवळलेली… तिने कसं?… सगळीकडे सारखे? डोक्यापासून छातीपर्यंत?… हं… हं… नाही, मी काही म्हणत नाहीये. नुसतं हं म्हणतोय. हं म्हणायचं नाही का माणसाने?”

नर्स औषधाची वाटी घेऊन आली. गोरी, ठेंगणी, घाईतली. तिने ओरिनच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

“ठेवा तिथे बाई, घेतो मी… नाही, आत्ता नाही. सुनेशी बोलतोय… मार्नी, आहेस ना? हं. मग दोन खाचांचीच लाव. माझी हरकत नाही. काडतुसं कुठली वापरलीस?… चार नंबर? थांब थांब. चार नंबर की चार नंबर बक?… अगं एकच कसं! जमीन-अस्मानाचा फरक आहे! साधं चार नंबर म्हणजे मोहरीएवढे बारीक दाणे, ते टर्कीच्या मानेसाठी. कोयोटला मारलेस तर तो खाजवत निघून जाईल, आणि मरेल कुठेतरी चार दिवसांनी कुढत. तसं करायचं नाही. कधीच नाही. चार नंबर बक म्हणजे जाड, शिशाचे, वाटाण्यापेक्षा थोडे लहान. डब्यावर बक असं लिहिलेलं असतं. पिवळा डबा… संपले? कसे संपले?”

“…पुठ्ठ्यावर. हो. बरोबर आहे. पुठ्ठ्यावरच संपणार.”

तो हसला असता, पण खुबा हसू देत नव्हता.

“मग आता बंदुकीत काय आहे?… वाचून दाखव. डब्यावर काय लिहिलंय ते वाच… बीबी. हां, बीबी चालतील, दाणा मोठा आहे. कुठल्या कपाटातून काढलीस?… निळा डबा? बदकाचं चित्र?… हंस? हंसाचं चित्र? मार्नी, ती पाणपक्ष्यांची, स्टीलच्या छऱ्यांची आहेत.”

आणि मग त्याचा आवाज बदलला.

“नळी कुठली आहे आत्ता बंदुकीला?… दोन खाचांची म्हणालीस ना?… काढलीस? का काढलीस?… मी सांगितलं होतं म्हणून परत लांबवाली लावलीस?… अगं… मार्नी, बंदूक खाली ठेव. आत्ताच्या आत्ता. कुठे आहेस तू?… पोर्चमध्ये. बरं. पोर्चमध्ये आहेस. बरं.”

नर्स दारात थांबली. क्लिफर्डनेही टीव्ही बंद केला. 

“ऐक. नीट ऐक. शिसं मऊ असतं, ते दबतं. स्टील दबत नाही. एवढे जाड स्टीलचे दाणे त्या आवळलेल्या तोंडातून काढायला गेलीस तर बंदुकीची नळी फुगेल. फाटूसुद्धा शकते. लायल टेगनचा डावा हात पाहिलायस ना तू, चर्चमध्ये? तो कॉफीचा कप दोन बोटांनी धरतो तो?… हां. मग… हो, माझंच चुकलं. मीच म्हणालो होतो सगळ्यात आवळलेली लाव. मला काय माहीत तू स्टील भरशील… नाही, तुझं नाही चुकलं. सांगितलंच नाही मी, तर तुला कळणार कसं.”

“आता आधी काडतुसं काढ. सगळी. पंप मागे ओढ… आणखी… आत बोट घालून बघ, रिकामी आहे?… नक्की? पुन्हा बघ. माझ्यासाठी बघ… हं. आता ती लांब नळी हाताने फिरव. डावीकडे… फिरत नाही? धूळ बसली असेल. लोणच्याच्या बरण्या उघडायचं ते रबर आहे ना तुझं, सिंकच्या खालच्या खणात… हां, ते. त्याने धर… जोर लाव… निघाली? निघाली ना!… बाजूला ठेव ती.  ”

“आता तीन खाचांची शोध… नाही, दोनची नाही. स्टील मुळातच गुच्छ करून जातं, त्याला सैल तोंड पुरतं. एक, दोन, तीन खाचा. मोजल्यास?… बोटाने मोज, डोळ्याने नको… तीन. बस. वाकडी घालू नकोस, आटे खराब होतील. आपोआप फिरली पाहिजे… फिरतेय? छान. आता शेवटी जरा आवळ.”

तो उशीवर मागे टेकला. कपाळावर घाम आला होता. नर्सने न विचारता तो पुसला. त्याने तो पुसू दिला.

“या नळीने पुठ्ठ्यावर मारलेलं नाहीस तू, तेव्हा लांबून मारायचं नाही. तीस पावलं. त्याच्या आतच. जाळीच्या समोर तो पांढरा दगड आहे ना, मेंढ्यांना चाटायला मिठाच्या लाद्या ठेवतो तो, त्या दगडाच्या अलीकडे आला तरच. दगडापलीकडे असला तर बसून राहा… गेला तर गेला. उद्या येईल. त्यांना दुसरं काम काय.”

“आणि मार्नी… अगं, फोन ठेवू नकोस. शर्टाच्या खिशात टाक. बटण लाव… मी नाही बोलणार. एक अक्षर नाही… वचन काय मागतेस सासऱ्याकडून! बरं, दिलं. वारा तोंडावर घे. पाठ जाळीला लाव. पहिली हाक हळू मार, ते लाकडी शिट्टीतलं सशाचं किंचाळणं. मग थांब. वाटतं त्यापेक्षा जास्त थांब.”

मग खरखर सुरू झाली. कापड माइकवर घासत होतं. बुटांखाली वाळलेलं गवत, कुंपणाची तार करकरली, पुन्हा गवत. ओरिन फोन कानाला इतका दाबून बसला की कान लाल झाला. कोकरं ओरडत होती, जवळ, मग लांब. एक मेडोलार्क गायला. हा त्याच्या रानातला पक्षी. गेले कित्येक दिवस ऐकलेला नव्हता. वारा सारखा फोनवर फुंकर घालत होता.

ठरल्याप्रमाणे ओरिन बोलला नाही. पण हात स्वस्थ बसेना. त्याने चादरीचं टोक पिळलं, सोडलं, पिळलं. औषधाची वाटी उचलली, ठेवली. खिडकीतून पार्किंग दिसत होतं आणि पार्किंगमध्ये कुणाची तरी पिकअप चुकीची लावलेली होती. ती त्याला दहा वेळा नीट लावावीशी वाटली.

इतक्यात व्यायाम करून घेणारा दणकट माणूस वॉकर ढकलत आत आला. आज ओरिनला उभं करायचं होतं. ओरिनने त्याला हाताने जा म्हटलं. तो गेला नाही. ओरिनने फोनवर तळवा घट्ट दाबला.

“सून कोयोटवर टपून बसलीय,” तो कुजबुजला. “हललास तर बघ.”

तो माणूस वॉकर धरून होता तिथेच थांबला. स्वतः रान-मुलखातला असावा.

मग फोनमधून सशाचं ते किंचाळणं आलं. चिरकं, रडवेलं. शेजारून क्लिफर्ड विचारायला लागला, कुणाचं मूल रडतंय? ओरिनने डोळे वटारले. किंचाळणं थांबलं. वारा. पुन्हा किंचाळणं, आधीपेक्षा आर्त. मार्नीला जमलं होतं. त्याला स्वतःला इतकं कधी जमलं नव्हतं.

मग बराच वेळ काहीच नाही. मार्नीचा श्वास येत होता, मग तोही थांबला.

बार झाला तो ओरिनच्या कानात झाला. त्याने फोन टाकलाच होता, दुसऱ्या हाताने झेलला.

“मार्नी?”

काही नाही. नुसती खरखर.

“मार्नी! अगं… मार्नी, हात बघ. दोन्ही हात बघ. नळी… मार्नी, बोल! काहीतरी बोल! शिव्या दे, पण बोल!… ऐकू येतंय का तुला? मार्नी!”

व्यायामवाला एक पाऊल पुढे आला. ओरिनने त्याच्या बाहीला धरलं आणि सोडलंच नाही.

“…हां! हां, आहे! आहे मी! कशी आहेस? बोटं?… सगळी? मोज… मोज म्हणतो ना!… बरं. बरं. देवा. आणि बंदुकीची नळी?… शाबूत. बरं… पडला? कुठे?… दगडाच्या अलीकडे. जागच्या जागी?… हलत नाहीये. काठीने डोळ्याला शिवून बघ… नाही हलत. चांगलं मारलंस, पोरी. स्वच्छ मारलंस. कर्टचा पहिला कोयोट अर्धा मैल पळाला होता, त्याला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून… ऐक, बंदूक रिकामी कर आधी. मग…”

तो मध्येच थांबला. पलीकडून मार्नी काहीतरी हळू बोलत होती.

“काय?… पुन्हा बोल, वारा आहे… मादी. हं… हो… दूध आहे?”

ओरिनने व्यायामवाल्याची बाही सोडली.

“हो. माहीत होतं मला… म्हणजे पाहिलं नव्हतं, पण माहीत होतं. मे महिन्यात कोकरू उचलून न्यायचं ते पिलांनाच. नुसतं पोट भरायचं असतं तर तिथेच खाल्लं असतं… नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू बसली असतीस का त्या जाळीला पाठ लावून?… बसली असतीस?”

“…बरं. तू म्हणतेस तर असेल. मला वाटलं होतं नसती बसली. मला पुष्कळ काय काय वाटतं तुझ्याबद्दल. पुठ्ठ्याबद्दलही वाटलंच होतं.”

नर्स, व्यायामवाला, क्लिफर्ड, तिघेही दुसरीकडे पाहत होते, ऐकत नसल्यासारखे.

“बीळ घळीच्या वरच्या अंगाला असेल, मातीचा कडा सुटलाय तिथे… नर असतो ना. तोही घालतो त्यांना खायला. या दिवसांत पिलं थोडंफार मांस खायला लागलेली असतात, अगदीच मरायची नाहीत. पण मग तो एकटा दोघांची शिकार करणार, आणि ती आपल्या रानात करणार… हो. एवढंच आहे. दोन्ही बाजूंनी वाईटच आहे… माझ्या बापाने त्या बिळातल्या पिलांचं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी काय करत आलो तेही माहीत आहे. ते तुला फोनवर सांगायला मला तोंड नाही.”

“नाही, मार्नी. मी सांगणार नाही. हे मी नाही सांगणार. तू तिथे आहेस, तुला दिसतंय. मी इथे पार्किंग बघतोय… तुला काय वाटतं?”

आजवर रँचवरच्या कुठल्याही गोष्टीत त्याने तिला हा प्रश्न विचारला नव्हता. तोंडातून निघाल्यावर त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं.

“…मेंढ्या घराजवळच्या कुरणात आणतेस. सगळ्या?… आजच. गवत पुरणार नाही तिथे… गंजी फोडणार? जूनसाठी ठेवलेली?… बरं. फोड… आणि रात्री कुंपणाला दिवे. आणि पिलं?… नराच्या भरवशावर. त्याने ससे मारावेत. आपल्या कोकरांपर्यंत आला तर मग बघशील… हं… नाही, मी हं म्हणतोय म्हणजे पटलंय. मी असतो तर असं केलं नसतं. पण चालेल. तुझं रान आहे.”

“काय?… अगं रडतेस काय… नाही, रड. रड बाई. वारा आहे, कुणाला ऐकू जात नाही… मला? मला काय ऐकू येतंय, मी तर म्हातारा… हो… हो… काय म्हणतेस?… बोलू नको? बरं… फोन मात्र चालू ठेवू. नुसता. बरं, नाही बोलत. बस तू. दगडावर बस. मी आहे इथे.”

आणि ओरिन बाकन, जो चर्चमध्ये प्रवचन चालू असतानाही शेजाऱ्याला लोकरीचा भाव विचारायचा, तो गप्प बसला. फोन कानाला. डोळे छताकडे. वारा येत होता. मधेच एक हुंदका, मग नाक ओढल्याचा आवाज. मेडोलार्क पुन्हा बोलला. लांबवर एक मेंढी आपल्या पिलांना हाका मारत होती, तीच ती काळतोंडी असेल, आणि ती कोकरं काही येणार नव्हती.

व्यायामवाला वॉकर भिंतीला टेकवून निघून गेला. नर्सने औषधाची वाटी त्याच्या हाताजवळ सरकवली. त्याने गोळ्या कोरड्याच गिळल्या, घोट घेतल्याचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.

घळीत फोनची रेंज येते आणि जाते, हे रँचवर सगळ्यांना माहीत आहे. लाइन कधी तुटली ते ओरिनला कळलं नाही. वारा थांबलाय असं त्याला वाटलं, बरं झालं, आता तिला जरा निवांत बसता येईल. तो तसाच राहिला. फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

नर्स परत आली तेव्हा ते तिच्या लक्षात आलं. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, फोनकडे बोट दाखवलं, काही सांगायला तोंड उघडलं.

“श्श,” ओरिन जेमतेम ओठ हलवत म्हणाला. “ती बसलीय.”